आत उघडणारं दार

गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी दारावर टकटक करून बघायचं. बाजारात कलिंगड घेताना बघतात ना, अगदी तसं. मग माझ्याकडं बघून म्हणायचं, "काकू, पोकळ वाजतंय की हो."

वाजणारच. तिजोरीच्या खोलीचं दार म्हणजे लोखंडाचा सबंध ठोकळा नव्हे. बाहेरून जाड पत्रा, आतून पत्रा, आणि मधे कुलपाचा सगळा संसार. जिथं पोकळ वाजतं, तिथं खिट्ट्यांना सरकायला जागा ठेवलेली असते. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता झोपेतसुद्धा सांगीन. सांगून सांगून दमले. आता मी आणि माझे दोन गुडघे, तिघांनी मिळून ठरवलं आणि सांगलीतलं दुकान बंद केलं.

दुकान ह्यांचं. तिजोऱ्या बनवायचे. एकदा पत्रा कापताना ह्यांचा उजवा हात गेला, आणि मी, सातवी पास बाई, वर्तमानपत्र पसरून त्यावर कुलपं खोलायला बसले. हे समोर बसून डाव्या हातानं दाखवायचे, मी करायची. पहिलं कुलूप खोललं ते परत जोडता आलं नाही. दोन तुकडे उरले. हे म्हणाले, "असू दे, दोन तुकडे कमी लागणारं नवं कुलूप काढलंस तू." असं शिकत गेले. ह्यांच्या माघारीही मीच चालवलं. आधी सराफांच्या तिजोऱ्या असायच्या. अलीकडं मात्र ज्याला त्याला बंगल्यात एक पक्की खोली पाहिजे असते. सोनंनाणं, कागदपत्रं ठेवायची, आणि वेळ आली तर माणसांनीही आत शिरून दार लावून घ्यायचं.

अशी खोली करताना लोक सगळा जीव दारावर लावतात. दार जाड पाहिजे, त्याला जहाजासारखं चाक पाहिजे, आकड्यांचं कुलूप पाहिजे. आणि शेजारची भिंत? विटांची. चोर काय दाराशी पूजा करत बसणार आहे? तो भिंत फोडून आत जातो. म्हणून मी आधी भिंत विचारायची. मग जिना विचारायची, कारण साडेतीनशे किलोचं दार वर न्यायचंय आणि जिना सव्वादोन फुटांचा, असे बंगले मी पाचगणीपासून वडूजपर्यंत पाहिलेत. दार काही कापून नेता येत नाही. आणि कितीही चांगलं दार असलं तरी ते चोराला कायमचं अडवत नाही. त्याला फक्त वेळ लावतं. हे सांगितलं की गिऱ्हाईक नाराज व्हायचं.

एकच माणूस नाराज झाला नाही. वडूजजवळच्या एका गावचे सुभेदार, पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी टकटक केली नाही. ताठ उभे राहून विचारलं, "किती मिनिटं?"

मी म्हटलं, "हत्यारं चांगली असली तर पाऊण तास."

"पाऊण तासात आमची गल्ली दोनदा जागी होईल. द्या." मग जरा आवाज बारीक करून म्हणाले, "दाराला आवाज नको बरं का. आमच्या हिला कळायला नको, मी कधी आत जातो ते." आत काय ठेवणार, हे मी कुणाला विचारत नसे. पण नंतर फिटिंगला गेले तर आत फडताळभर चिवड्याचे आणि शेवेचे डबे. डॉक्टरांनी तेलकट बंद केलं होतं.

आष्ट्याला तिघं भाऊ होते. एकमेकांवर फार प्रेम, आणि विश्वास त्याहून थोडा कमी. त्यांनी तीन किल्ल्यांचं कुलूप करून घेतलं, तिन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी म्हटलं, अहो, एखादा आजारी पडला तर? थोरला म्हणाला, "काकू, आमी तिघं एकाच ताटात जेवतोय." पहिल्याच दसऱ्याला मधला भाऊ सासुरवाडीला गेला तो किल्ली कमरेला लावून. त्याच्या बायकोचे दागिने आत, आणि बायको माहेरी बिनदागिन्यांची. तिनं जे काय ऐकवलं असेल! चौथ्या दिवशी मला फोन, "काकू, एका किल्लीचं करा."

असं हसण्यावारी नेण्यासारखं पुष्कळ आहे. पण मला लिहायचंय ते हौसाबाईंचं. ते मी आजवर कुणाला सगळं सांगितलेलं नाही.

विट्याच्या त्या बाजूची माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत. जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं, ते काम करत ही माणसं पार देशभर पांगलेली. गावात पाणी कमी, पण बंगले बघा. आणि बंगल्यात कोण? म्हातारी माणसं आणि एखादी सून. हौसाबाईंचं घर असंच. थोरला मुलगा संपत कोइमतूरला, धाकटा त्याच्याच हाताखाली. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हौसाबाई आणि धाकट्याची बायको सुनंदा. दोघी बायकाच घरात, म्हणून संपतला पक्की खोली करायची होती.

जत्रेला आला तेव्हा तो आईला घेऊन माझ्या दुकानात आला. हौसाबाई म्हणजे अंगानं काडी, आवाज मात्र रानात हाक मारायचा. त्यांनीही टकटक केली नाही. दार उघडून दाखवलं तशा मागं सरल्या.

"ह्ये दार भाईर उघडतंय?"

"होय मावशी. बाहेर उघडणारं दार जास्त पक्कं. बाहेरून कुणी रेटलं तर ते चौकटीतच जास्त दाबलं जातं."

"चोराचं ऱ्हाऊ दे. लक्ष्मी कुठनं यायची? घराचं दार आत उघडतं म्हंजी ती आत येती. भाईर उघडाया लागलं की तिला वाट दावल्यागत हुतंय. माज्या घरातलं एक बी दार भाईर उघडत न्हाई."

संपत हसला. "आई, लक्ष्मीला आपण बँकेतनंच आणतोय की."

"आन तू कुनाच्या पोटातनं आलास? गप बस."

आत उघडणारं दारही असतं, आणि त्यालाही कारण आहे. चोर घरात शिरले, माणसं खोलीत लपली, तर बाहेर कुणी कपाट आडवं टाकलं तरी आतल्या माणसाला दार उघडता येतं. मी तसं सांगितलं. हौसाबाईंचा चेहरा उजळला. मी एवढंच बजावलं की दार जेवढं फिरतं तेवढी आतली जागा मोकळी ठेवा, पेटी-बिटी ठेवू नका. संपतनं मान डोलावली. ठरलं.

भिंतीच्या वेळी मी स्वतः दोन दिवस तिथं उभी होते. नऊ इंची काँक्रीट, सळयांच्या दोन जाळ्या. गवंडी म्हणत होता, "काकू, किल्ला बांधायचाय का?" मी म्हटलं, होय. आमचे शौकत मिस्त्री, ह्यांच्या वेळेपासूनचे, त्यांनी दार बसवलं. बोटानं ढकललं तर फिरायचं, इतकं तोललेलं. हौसाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मला म्हणाल्या, "आता चोर न्हाई ना शिरायचा?"

मी मोठ्या दिमाखात म्हटलं, "चोर काय मावशी, मुंगी शिरायची नाही."

दोन वर्षं गेली. घट बसायच्या आधीचे दिवस, गावोगाव घरं झाडायची धांदल. सकाळी मी देवपूजा आटपत होते, तोवर सुनंदाचा फोन.

"काकू, आत्या खोलीत पडल्यात. दाराच्या मागं. दार ढकललं की वरडत्यात."

सुना आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. ती खोली हौसाबाई दुसऱ्या कुणाला झाडू देत नसत. आणि झाडणार कशा? कोपरान् कोपरा. आत उघडणाऱ्या दाराच्या मागचा केर काढायचा तर आत शिरून दार लोटून घ्यावं लागतं. त्यांनी ते लोटलं, वाकल्या, आणि पाय घसरला. मी चाळीस वर्षं तिजोऱ्या नि दारं विकली. चोर काय करील ह्याचा विचार केला, दरोडेखोर काय करील ह्याचा केला. म्हातारी बाई केर कसा काढील, ह्याचा कधी केला नव्हता.

"दार ढकलू नका," मी ओरडलेच. "कोण ढकलतंय?"

"गल्लीतले चौघं जण आल्यात, खांदं लावल्यात."

"त्यांना म्हणावं, हात बांधून उभे राहा."

शौकतभाईंना घेऊन निघाले. वाटेत संपतचा कोइमतूरहून फोन. "काकू, कापा. ग्यासनं कापा. दाराचं काय बी हुंदे, माझी आई काढा."

त्याला काय सांगू? गॅसनं कापलं तर धूर सगळा आत, आणि खोलीला हवेची एक मनगटाएवढी नळी. बिजागऱ्या खोलाव्यात तर आत उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्या आतच असतात. राहिली भिंत. भिंत मीच ओतून घेतलेली. गाडीत शौकतभाई एकदाच बोलले. "वैनी, भिंत फोडायला तीन दिवस लागतील." मी म्हटलं, मला माहीत आहे.

पोचलो तेव्हा अंगणात ॲम्ब्युलन्स उभी होती, गावातले डॉक्टर दारापाशी. दार दोन बोटं उघडं होतं, बस्स. त्या फटीतून डॉक्टरांनी सलाइनची नळी आत सोडली होती आणि सुनंदा तिच्यातून साखरेचं पाणी देत होती, कारण हौसाबाईंना मधुमेह, सकाळची गोळी घेतलेली, आणि पोटात काही नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "खुब्याचं हाड गेलंय बहुतेक. आत रक्त जात असेल तर दुपारपर्यंत थांबता येणार नाही."

मी फरशीवर आडवी झाले. गुडघ्यांनी काय म्हणायचं ते म्हटलं. फटीला तोंड लावलं.

"मावशी, मी आलेय. सांगलीची."

"आलीस व्हय बाई. मुंगी शिरायची न्हाई म्हनली हुतीस. हितं रांग लागलीया. साकरंचं पानी सांडलंया न्हवं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "मावशी, डोकं कुठं आहे तुमचं?"

"धडावर हाय की."

"तसं नव्हे हो. दाराकडं आहे का भिंतीकडं?"

डोकं आतल्या भिंतीकडं होतं, पाय दाराकडं. मोडका पाय दाराला टेकलेला, म्हणून ढकललं की कळ. डोक्याच्या मागं तीनेक फूट जागा मोकळी. त्यांनी माझं ऐकून तिथं खरंच काही ठेवलं नव्हतं. म्हणजे त्या हातभर मागं सरकल्या असत्या तरी दार उघडलं असतं. पण सरकवणार कोण? आत माणूस जात नाही, आणि त्या स्वतः हलू शकत नाहीत.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. जड तिजोरी उचलायची नसते, सरकवायची असते. पाच गडी जे करू शकत नाहीत ते गुळगुळीत फरशीवर साबणाचं पाणी करतं. ती खोली तर पॉलिशच्या फरशीची. मी शौकतभाईंकडं बघितलं, त्यांनी माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत बोलायची गरज उरली नव्हती. ते म्हणाले, "पाणी नको, वाळेल. तेल."

सुनंदानं गोडेतेलाचा डबा आणला. शौकतभाईंनी पाइपाचा तुकडा फटीतून आत सरकवला आणि तेल सोडलं, थेट त्यांच्या पाठीखाली जाईल असं.

"आगं बया, ह्ये काय? माजं लुगडं! कसलं पानी सोडलंसा?"

"तेल आहे मावशी."

"मला तळतीस का काय?"

"मावशी, ऐका. चांगला पाय कुठला?"

"डावा."

"तो दाराला टेकवा. आणि दाराला ढकला."

"दाराला ढकलून दार उघडतंय व्हय? येडी का खुळी तू?"

"दार हलणार नाही, शौकतभाईंनी पाचर मारलीय. तुम्ही मागं सराल. तुम्ही दाराला लाथ घाला."

मग बारीक आवाजात, "लय दुखतंय गं."

"दुखणार. मी दुखणार नाही म्हणत नाही."

"ऱ्हाऊ दे मला हितंच. वय झालंया. लक्ष्मीच्या पायापाशी हाय, काय वाईट हाय?"

सुनंदा माझ्या मागं उभी होती. ती मुलगी कधी मोठ्यानं बोललेली मी ऐकली नव्हती. ती खाली बसली आणि फटीत ओरडली, "आत्या, तुमी गेलासा तर मी ह्या घरात एकली ऱ्हाऊ काय? सरा मागं!"

मग एक कण्हणं, आणि तेलावर लुगडं घसरल्याचा आवाज.

"सरले का गं?"

दोन बोटांची फट तीन बोटं झाली. शौकतभाईंनी पाचर पुढं सारली. मी म्हटलं, "सरलात मावशी. जरा दम खा. मोठा श्वास घ्या. आता परत."

किती वेळ चाललं ते मला सांगता यायचं नाही. मी बोलत राहिले. माझ्या बोलण्याला आजवर सगळी कंटाळली, नवरा, गिऱ्हाईकं, शेजारीण. त्या दिवशी मी थांबले असते तर आतला पाय थांबला असता. पाय टेका म्हटलं की त्या टेकवायच्या. थांबा म्हटलं की थांबायच्या. मान उचलू नका म्हटलं, तर उचलली नाही. मधे एकदा शिवी दिली, मला नव्हे, दाराला. फट वीतभर झाली. वीतभर झाली आणि थांबली, त्यांच्यात ताकदच उरली नव्हती. गल्लीतले चौघं वीतभरातून जाण्यासारखे नव्हते. सुनंदानं पदर खोचला, श्वास सोडला आणि आडवी होऊन आत शिरली. तिच्या खांद्याची कातडी सोलून निघाली, त्याची खूण अजून आहे. तिनं सासूला काखेत धरून तेलावरून अलगद मागं ओढलं. मग शौकतभाईंनी एका बोटानं दार ढकललं आणि ते फिरलं. तोल अजून तसाच होता.

मिरजेला ऑपरेशन झालं. हौसाबाई वाचल्या. आधी वॉकर आणि मग काठी, अंगणापर्यंतच, पण वाचल्या.

संपत आला. माझ्या पाया पडला, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाला, "काकू, आता दार बाहेर उघडणारं करा." दार फिरवायचं म्हणजे चौकट काढायची, आणि चौकट त्या भिंतीत ओतलेली. काँक्रीट फोडायचा ब्रेकर लावला. शौकतभाईंचा अंदाज बरोबर होता, तीन दिवस लागले. ती धडधड सगळ्या घरात घुमत होती. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत चौकटीच्या कडेचा नुसता गिलावा निघालेला बघून संपत अंगणात जाऊन बसला, तो जेवायला आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी हौसाबाईंच्या खाटेपाशी जाऊन बसले. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, तुम्हाला एक सांगायचंय. तुम्ही आत उघडणारं दार मागितलंत, तेव्हा तसलं एक दार माझ्याकडं पडून होतं. साताऱ्याच्या एका माणसानं सांगून करून घेतलं आणि नंतर नको म्हणाला. आठ महिने माझी जागा अडवून बसलं होतं. तुम्ही मागितलंत आणि मला बरं वाटलं. नाहीतर मी सांगितलं असतं, की घरात म्हातारं माणूस आहे, आत कधी पडलं तर दार अडतं, आत उघडणारं दार नको. बाहेर उघडणारंच घ्या, त्याला आतून सुटायचा दांडा बसवून देते. मला हे माहीत होतं. मी बोलले नाही."

हौसाबाई आढ्याकडं बघत होत्या. ब्रेकर थांबेपर्यंत थांबल्या.

"ठावं हाय मला."

"काय ठावं आहे?"

"दार दुसऱ्याचं हाय त्ये. बसवायच्या दिशी सुनंदानं वाचून दावलं. चौकटीच्या मागल्या अंगाला रंगानं लिवलं हुतं, कदम, सातारा. ती म्हनली, आत्या, ह्ये तर कुना कदमांचं दार हाय. म्या म्हनलं, गप ऱ्हा. बाईमानूस धंदा करती, तिचं दार खपू दे, आमचं बी काम हुंदे." मग माझ्या हातावर हात ठेवला. हाताला अजून त्या तेलाचा वास होता का, का मलाच येत होता कोण जाणे. "आन आत उघडाया पायजे म्हून म्याच हट्ट केला न्हवं? तू नगं म्हनली असतीस तर म्या काय ऐकलं असतं व्हय?"

त्या हसल्या. सुनंदा चहा घेऊन आली होती, तीही हसली. मीही हसले, हसावंच लागलं.

पण ऐकलं असतं. त्या दिवशी फरशीवर मी जे जे सांगितलं ते हौसाबाईंनी ऐकलं होतं, मोडक्या हाडानिशी ऐकलं होतं. एक शब्द खाली पडू दिला नव्हता.